ठिगळाचं माप कुठून घेतलं?

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक : 'त्यांनी महास्फोटाचा सिद्धांत खोटा पाडला.' दुसरं : 'माणूस मोठा, पण आयुष्यभर हरलेल्या सिद्धांताच्या बाजूने उभा राहिला.' पहिलं धडधडीत चूक आहे. दुसरं अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच जास्त नुकसान करतं. (हरलेला सिद्धांत म्हणजे महास्फोटाचा प्रतिस्पर्धी, स्थिर स्थितीचा.) दोन्हींमागची समजूत एकच. सिद्धांत म्हणजे आखाड्यातले पैलवान, एकाची पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली! (नारळीकर कोल्हापूरचे, म्हणून ही उपमा चटकन सुचत असावी.) पण पाठ लागली म्हणजे काय, हे दोन्ही पैलवानांना आणि पंचांना आधीपासून मान्य असतं. विज्ञानात भांडण बहुतेकदा नेमकं तिथेच असतं.

विज्ञानाचे इतिहासकार टॉमस कून यांनी १९६२ साली हाच मुद्दा टोकदार केला. स्पर्धक चौकटींना समान माप नसतं, असं ते म्हणाले. शब्द त्यांनी भूमितीतून उचलला होता. चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण या दोन्हींत पूर्णांक वेळा बसेल अशी एकही पट्टी मिळत नाही. यावरून बऱ्याच जणांनी परस्पर निष्कर्ष काढला की तुलनाच अशक्य, म्हणजे निवड आवडीची किंवा सत्तेची. तिथून 'मग सगळंच सारखं' इथपर्यंत घसरायला वेळ लागत नाही. गंमत अशी की त्याच भूमितीत बाजू १ धरली तर कर्ण १.४१ पेक्षा मोठा आणि १.४२ पेक्षा लहान, हे शाळकरी पोरही सांगेल. समान पट्टी नसली तरी लहान-मोठं ठरतं. समान माप नाही म्हणजे तुलना नाही असं आपल्याला म्हणायचं नव्हतं, हे कून पुढे वारंवार सांगत राहिले; तोवर घोषणा होऊन गेली होती.

स्पर्धक सिद्धांतांची तुलना करता येते. मात्र ती अख्खा सिद्धांत अख्ख्या सिद्धांताला भिडवून होत नाही, आणि एखाद्या निर्णायक प्रयोगानेही क्वचितच होते. अडचणीत आला की प्रत्येक सिद्धांत ठिगळ लावतो, जिंकणाराही लावतो. ठिगळं किती, हे मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक ठिगळाचं माप कुठून घेतलं, हे पाहावं. ज्या भोकासाठी ते कापलं त्याच भोकावरून माप घेतलं असेल, तर ते बसणारच. त्यात काय विशेष! पण माप दुसरीकडून घेतलं आणि तरीही ते इथे बरोबर बसलं, तर दखल घ्यावी लागते. हे तपासायला स्थिर स्थिती विरुद्ध महास्फोट या वादाइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण या वादात सुरुवातीचे काही पुरावे चक्क चुकीचे होते, आणि तरीही निकाल बरोबर लागला.

१९४८ साली केंब्रिजच्या हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉयल यांनी स्थिर स्थितीचा विचार मांडला. विश्व प्रसरण पावतं, पण त्याचा चेहरामोहरा कुठल्याही काळी तोच राहतो. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात, तशी मधल्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं. 'शून्यातून द्रव्य' ऐकून हसणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. आजचे आकडे घेतले, म्हणजे प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ७० किलोमीटर आणि एकूण घनता घनमीटरमागे पाच-सहा हायड्रोजन अणूंएवढी, तर घनता कायम राखायला एका घनमीटरात साधारण एक अब्ज वर्षांत एक अणू जन्माला यावा लागतो. कुठल्याही प्रयोगशाळेत हे पकडता येणार नाही. आणि महास्फोटातही द्रव्य कुठून आलं हा प्रश्न असतोच, फक्त तो एकदाच विचारावा लागतो.

त्या काळात या विचाराला एक भक्कम आधार होता. हबलच्या मोजमापांवरून प्रसरणाचा वेग ५०० च्या आसपास येई. तो उलटा केला की विश्वाचं वय जेमतेम २ अब्ज वर्षं निघायचं, आणि किरणोत्सारावरून पृथ्वीचं वय तर ३ अब्जांच्या पुढे होतं. आईपेक्षा लेक मोठी! ज्या विश्वाला आरंभच नाही त्याला ही अडचण येत नाही. मग १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी दाखवलं की अंतर मोजायला ओळखीच्या तेजाचे दिवे म्हणून वापरतात ते सेफीड तारे दोन जातींचे असतात आणि हबलने त्यांची गल्लत केली होती. एका फटक्यात सगळी अंतरं दुप्पट झाली, वयही दुप्पट झालं. महास्फोटाला किंवा स्थिर स्थितीला कोणी हातही लावला नव्हता; चुकला होता तो मोजायचा दिवा. दोन सिद्धांत तोलताना तराजूचा काटा कितीदा तरी अशा तिसऱ्याच वस्तूमुळे हलतो.

रेडिओ स्रोतांच्या, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या आकाशातल्या वस्तूंच्या, मोजणीचं प्रकरण जरा सावकाश बघण्यासारखं आहे. समजा, स्रोत अवकाशात सारखे विखुरलेले आहेत. अंतर दुप्पट केलं की स्रोत चारपट मंद दिसतो, आणि तेवढ्या अंतरापर्यंतचं घनफळ आठपट होतं. म्हणजे मोजणीची मर्यादा चारपट मंद स्रोतांपर्यंत खाली नेली, की एकूण संख्या आठपट व्हायला हवी. स्रोतांची ताकद कमी-जास्त असली तरी हा आठचा आकडा बदलत नाही, ही या चाचणीची खुबी. एकेका स्रोताचं अंतर माहीत असण्याची गरजच पडत नाही. प्रसरणामुळे लांबचे स्रोत आणखी मंद होतात, म्हणून स्थिर स्थितीत आकडा आठच्या खालीच राहायला हवा. तो आठच्या वर गेला तर लांब, म्हणजे पूर्वीच्या काळी, स्रोत जास्त किंवा जास्त जोरकस होते, आणि विश्वाचा चेहरा बदलत आला आहे.

केंब्रिजमध्येच मार्टिन राइल यांच्या गटाने १९५५ साली १,९३६ स्रोतांची यादी काढली. तिच्यावरून आलेला उतार, म्हणजे मंद स्रोतांकडे जाताना संख्या वाढण्याचा दर, आठच्या भाषेत सांगायचा तर ६४ होतो. राइल यांनी स्थिर स्थिती संपल्याचं जाहीर केलं. दोन वर्षांनी सिडनीच्या बर्नार्ड मिल्स आणि ब्रूस स्ली यांनी आकाशाचा तोच पट्टा आपल्या दुर्बिणीने पाहिला, आणि दोन याद्या जवळपास जुळेचनात. दोष केंब्रिजच्या दुर्बिणीच्या नजरेत होता. तिला एका वेळी आकाशाचा फार मोठा तुकडा दिसायचा. त्यात दोन-तीन मंद स्रोत एकदम आले की त्यांची बेरीज एकच ठळक स्रोत म्हणून नोंदली जाई. यादीतले बहुतेक मंद स्रोत असे भासमान होते. सिडनीच्या मोजणीतून विश्व बदलत असल्याचा पुरावा निघाला नाही.

राइल यांनी उपकरण सुधारलं. १९६१ साली नवी मोजणी आली, आणि ६४ च्या जागी १२ आले. बारा हे आठपेक्षा जास्तच. तेव्हा हॉयल यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी असलेल्या नारळीकरांवर रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायची वेळ आली. उत्तर असं होतं : स्रोत सारखे विखुरलेले असतात हे गृहीतकच सोडा. ते मोठमोठ्या पुंजक्यांत असतील आणि आपण मधल्या विरळ जागेत असू, तर जवळचे स्रोत कमी मोजले जातील आणि उतार तीव्र दिसेल. इतके मोठे पुंजके तेव्हा कल्पनाविलास वाटले. पुढे दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या खरोखरच सापडल्या. कल्पना खरी ठरली, ठिगळ मात्र टिकलं नाही. कारण पोकळी किती मोठी धरायची, हे ज्या मोजणीचं स्पष्टीकरण द्यायचं तिच्याचवरून ठरत होतं.

आणखी एक आघात तर उलटाच निघाला. स्थिर स्थितीत प्रसरणाचा वेग वाढतच जायला हवा. खगोलशास्त्रज्ञ ज्याला मंदन गुणांक म्हणतात तो उणे १ यायला हवा. १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या मोठ्या दुर्बिणींवरून हुमासन, मेयॉल आणि सँडेज यांनी काढलेला गुणांक अधिक चिन्हाचा होता, म्हणजे वेग मंदावतोय. अडचण अशी की दीर्घिका स्वतःच काळानुसार कमी-जास्त तेजस्वी होत जातात, त्यामुळे दिवा म्हणून त्या भरवशाच्या नाहीत. १९९८ साली दोन गटांनी अतिनव ताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, तेच मोजलं. वेग वाढतोय असं निघालं. आज हा गुणांक साधारण उणे ०.५५ धरतात. चिन्ह हॉयल यांचंच.

म्हणजे सुरुवातीच्या दोन मोठ्या पुराव्यांपैकी एकाचा आकडा पाचपट फुगलेला, दुसऱ्याचं चिन्हच चुकलेलं. 'बघा, पुरावे नुसते निमित्त असतात' असं म्हणणाऱ्याला यापेक्षा चांगलं कोलीत मिळणार नाही. पण ६४ चा आकडा खोडून काढणारे मिल्स-स्ली स्थिर स्थितीचे वकील नव्हते, आणि मंदन गुणांक उलटा करणारे तर महास्फोट मानणारेच होते. दिवा, दुर्बीण, आकडेमोड या गोष्टी दोन्ही बाजूंच्या सामाईक होत्या. चौकटी वेगळ्या असल्या तरी हत्यारं एकाच भात्यातली होती.

कून जिथे खरोखर बरोबर आहेत ती जागा वेगळी आहे. १९४१ साली कॅनडात अँड्रयू मॅकेलर यांनी ताऱ्यांमधल्या जागेतल्या सायनोजेन रेणूंवरून तिथलं तापमान काढलं : २.३ केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर. कोणी लक्ष दिलं नाही, कारण तो कुणाच्याच प्रश्नाचा आकडा नव्हता. १९४८ साली राल्फ अल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी तप्त आरंभापासून उरलेलं प्रारण आज ५ केल्विनच्या आसपास असावं असं गणित मांडलं. त्यांनाही मॅकेलर यांची आठवण झाली नाही. १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन यांना ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर ३.५ केल्विनची आगंतुक खरखर मिळाली. ती सगळ्या दिशांनी सारखी होती, ऋतू बदलला तरी हलत नव्हती, आणि अँटेनातली कबुतरांची घाण साफ केल्यावरही गेली नाही. तप्त आरंभापासून उरलेलं प्रारण ते हेच; त्याला आज पार्श्वभूमी प्रारण म्हणतात. मोजमाप जवळपास तेच, पण १९४१ साली ती तळटीप होती आणि १९६५ साली जगभरची बातमी. काय बघायचं हे सिद्धांत ठरवतो, एवढं कून यांचं म्हणणं इथे पटतं.

पण दोन बाजूंची भाषाच वेगळी होती, हे मात्र पटत नाही. त्याला पुरावा खुद्द हॉयल. विश्वातल्या साध्या द्रव्यात वजनाने सुमारे पाव भाग हेलियम आहे. ताऱ्यांच्या भट्टीत एवढा होणं अवघड. १९६४ साली, पेन्झियस-विल्सन यांची बातमी येण्याआधी, हॉयल आणि रॉजर टेलर यांनी तप्त महास्फोटात किती हेलियम बनेल याचं गणित केलं आणि उत्तर जुळतं हे छापलं. १९६७ साली वॅगनर आणि फाउलर यांच्याबरोबर त्यांनीच महास्फोटातल्या हलक्या मूलद्रव्यांचं सविस्तर गणित मांडलं. तो निबंध महास्फोटाच्या पायाभूत निबंधांत मोडतो. 'बिग बँग' हे नावही त्यांनीच १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर बोलताना दिलं. जो माणूस प्रतिपक्षाचं गणित प्रतिपक्षाइतकंच चांगलं करून दाखवतो, त्याच्याबद्दल 'त्याला दुसरी चौकट कळूच शकत नव्हती' असं कसं म्हणणार? कळूनही न पटणं ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडचा एक धागा फारसा सांगितला जात नाही. नारळीकर १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्याच संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी, म्हणजे पुढे खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभारणाऱ्या स्वरूपांनी, त्याआधीच उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण उभी केली होती. जागा मुद्दाम निवडलेली : डोंगराचा उतार सुमारे ११ अंश आणि तिथलं अक्षांशही तेवढंच, त्यामुळे दुर्बिणीचा लांब आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो आणि एकाच आसावर फिरवून स्रोताचा तासन्‌तास पाठलाग करता येतो. पद्धतही नामी होती. चंद्राची कड रेडिओ स्रोतावरून सरकते तेव्हा सिग्नल कसा मावळतो, यावरून स्रोत किती रुंद आहे ते कळतं. राइल मोजत होते संख्या. उटीला मोजला गेला आकार. १९७५ साली स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवलं की मंद स्रोतांचे कोनीय आकार न बदलणाऱ्या विश्वात बसत नाहीत. राइल यांच्या बाराच्या आकड्याला वेगळ्या उपकरणाने, वेगळ्या राशीवरून दुजोरा मिळाला, आणि तोही नारळीकरांच्याच संस्थेतून. यालाच मी माप दुसरीकडून घेणं म्हणतो.

असंच पुन्हा एकदा पुण्यात घडलं. पार्श्वभूमी प्रारण जर आरंभापासून थंड होत आलं असेल, तर पूर्वी ते जास्त गरम असायला हवं. नारळीकर आयुकाचे, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्र केंद्राचे, संस्थापक-संचालक होते. त्याच आयुकाचे रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००० साली २.३४ इतक्या ताम्रसृतीच्या (प्रसरणामुळे प्रकाश ताणला जाण्याचं हे माप; ते जितकं मोठं तितका काळ जुना) वायुमेघात तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान असल्याचं दाखवलं. आजच्या २.७२५ ला ताम्रसृती अधिक एक, म्हणजे ३.३४ ने गुणा, अपेक्षित आकडा ९.१ येतो. २००८ साली दुसऱ्या एका मेघात, कार्बन मोनॉक्साइडवरून, आकडा ९.१५ आला, अपेक्षा होती ९.३. मूळ स्थिर स्थितीत तो सदासर्वकाळ २.७ हवा.

नारळीकर, हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांनी १९९३ साली मांडलेला स्थिरवत स्थितीचा सिद्धांत मूळ सिद्धांतापेक्षा बराच वेगळा आहे, आणि तो खिल्ली उडवण्यासारखा नाही. त्यात विश्व ४०-५० अब्ज वर्षांचा एकेक हेलकावा घेत दीर्घकाळ प्रसरण पावतं, त्यामुळे आक्रसलेल्या टप्प्यात प्रारणही तापतं. सगळं हेलियम ताऱ्यांतच बनलं आणि त्यात सुटलेल्या ऊर्जेचंच पार्श्वभूमी प्रारण झालं, असं ते म्हणत. त्यांचा हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. साधं द्रव्य चार घनमीटरमागे साधारण एक अणू. त्यातलं पाव हेलियम. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के ऊर्जा सुटते. गुणाकार केला तर घनमीटरमागे, एका ज्यूलचे शंभर लाख-कोटी भाग केले तर त्यातले सुमारे ६.६ भाग ऊर्जा मिळते. पार्श्वभूमी प्रारणात प्रत्यक्ष आहे ४.२. तापमान ऊर्जेच्या चतुर्थमुळाने बदलत असल्यामुळे ६.६ चे जवळपास ३ केल्विन होतात! महास्फोटवाल्यांच्या लेखी हा निव्वळ योगायोग. मला विचाराल तर योगायोग म्हणून सोडून द्यायला थोडं धाडसच लागतं.

ताऱ्यांचा प्रकाश मात्र ३ केल्विनच्या अचूक कृष्णवस्तूसारखा (म्हणजे ज्याचा वर्णपट केवळ तापमानावरून ठरतो अशा आदर्श वस्तूसारखा) व्हायला हवा, कारण पार्श्वभूमी प्रारण मोजणाऱ्या कोबे उपग्रहाच्या मोजणीत त्या आलेखापासूनचा फरक दहा लाखांत ५० भागांपेक्षाही कमी निघाला. त्यासाठी त्यांनी अवकाशात मिलिमीटरभर लांबीच्या लोखंडी सुया कल्पिल्या, अतिनव ताऱ्यांतून निघालेल्या वाफेपासून बनलेल्या. धातूची वाफ गोठताना अशा सुया होतात, हे प्रयोगशाळेत दिसतंही. पण त्या इतक्या हव्यात की प्रकाश घोटून घोटून एकसारखा व्हावा, आणि इतक्या कमी हव्यात की पलीकडचे रेडिओ स्रोत आपल्याला दिसावेत. ही दुहेरी अट पाळणारी संख्या अटीवरूनच काढलेली आहे. तेवढ्या सुया आणखी कुठल्या मोजमापातून निघालेल्या नाहीत.

आता जिंकलेल्याचा अंगरखा बघा. न दिसणारं कृष्णद्रव्य, प्रसरण वेगवान करणारी कृष्णऊर्जा, आरंभीचा महाफुगवटा (क्षणार्धातलं प्रचंड प्रसरण) : ठिगळंच ठिगळं. नारळीकर हे वारंवार दाखवून देत, आणि ते खरंच होतं. पण ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बघा. ताऱ्यांत तो जळतो, बनत नाही. दूरच्या वायुमेघांत एक लाख हायड्रोजन अणूंमागे अडीच ड्यूटेरियम सापडतात, आणि त्यावरून साध्या द्रव्याची घनता निघते. पार्श्वभूमी प्रारणातल्या चढउतारांवरून तीच राशी स्वतंत्रपणे काढता येते. एक माप विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतलं, दुसरं ३ लाख ८० हजार वर्षांनंतरचं. खगोलशास्त्रज्ञांच्या घनतेच्या मापात दोन्हींचं उत्तर ०.०२२ च्या आसपास. कृष्णद्रव्याचंही तसंच. दीर्घिकांच्या समूहांवरून, प्रकाश वाकण्यावरून आणि त्याच चढउतारांवरून ते साध्या द्रव्याच्या साधारण पाचपट येतं. महाफुगवट्याबद्दल मी इतका ठाम नाही. त्याचे प्रकार इतके आहेत की काहीही आलं तरी कुठला ना कुठला बसतो. आणि आरंभी किती लिथियम बनलं याचा हिशेब अजूनही तिपटीने चुकतो, तो कुठल्याच ठिगळाखाली गेलेला नाही.

'विज्ञानही बदलतं, मग फलज्योतिषाला का नावं ठेवता' असं विचारणाऱ्यांना याच माणसाने पुण्यात उत्तर दिलं होतं. २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या, १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक सहभागी ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि निकाल कसा लावायचा ते आधीच ठरवलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४० पैकी १८.४ भरली, नाणं उडवलं असतं तर २० आली असती. मूळ स्थिर स्थितीच्या सिद्धांताने मात्र आधी आकडा सांगितला होता, आणि म्हणूनच तो चूक ठरू शकला.

सार्वजनिक पैशाचा प्रश्न इथेच येतो. २००४ साली नारळीकर आणि बाँडी यांच्यासह ३३ जणांनी खुलं पत्र लिहिलं : निधी आणि दुर्बिणीचा वेळ जवळपास सगळा महास्फोटाच्या अभ्यासाला जातो, पर्यायांना काहीच उरत नाही. तक्रारीत तथ्य होतं. पण सिद्धांतांसाठी राखीव वाटा ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. मग कुठलाही सिद्धांत वाटा मागायला येईल. वेळ चाचणीला द्यावा. ज्या मोजमापाचं उत्तर दोन सिद्धांत वेगवेगळं देतात आणि आधी लिहून देतात, ते मोजमाप मागणारा अल्पमतातला असला तरी त्याला रांगेत पुढे घ्यावं.

असं एक मोजमाप आज समोर उभं आहेच. पार्श्वभूमी प्रारणावरून प्रसरणाचा वेग ६७.४ येतो, सेफीड आणि अतिनव ताऱ्यांवरून ७३ च्या आसपास, आणि दोन्हींतल्या संभाव्य चुकांच्या मर्यादा एकमेकींना भेटत नाहीत. कुठलातरी दिवा पुन्हा चुकला असेल, बाडे यांच्या वेळेसारखा. किंवा नसेल. आरंभीच्या काळात थोडी जास्तीची कृष्णऊर्जा होती, असं एक ठिगळ सुचवलं गेलं आहे. ती किती आणि केव्हा, हे सध्या तरी ६७.४ आणि ७३ मधल्या फटीवरूनच मोजलेलं आहे.